हलक्या बाराचं मोल

ज्वारी हुरड्यात आली की हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात आमच्या शेतावर जागल सुरू व्हायची. रोही, हरणं, रानडुकरं. एका रात्रीत अर्धा एकर आडवा. आज्याकडं पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. ती भरण्याचा सोहळा मी लहानपणी कितीदा पाहिला असेल! नळी उभी धरायची, पितळी मापानं दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग गजानं ठासायचं. एकदा, दोनदा, गज नळीतून उडी मारून वर येईपर्यंत. शेवटी कानावर टोपी बसवायची. जनावर मारायचं नसे, हुसकायचं असे, म्हणून छर्रे बहुधा घालतच नसत. नुसता बार. आणि त्या बाराला दारू कमी.

आज्यानं सांगितलेली एक गोष्ट मात्र मला फार पुढं कळली. निजामाच्या काळात त्याच्या बापानं त्याला बंदूक शिकवली तेव्हा पहिले कित्येक दिवस माप अर्ध्याच्या वर जाऊ दिलं नाही. कारण एवढंच की खांद्याला एकदा भीती बसली की ती निघत नाही. भरपूर दारूचा पहिलाच बार खांद्यात बसला तर दुसऱ्या बाराला डोळे आधी मिटतात आणि चाप मागून ओढला जातो. असा माणूस आयुष्यभर नेम धरतो, पण नेम साधत नाही.

ही शेतावरची समजूत जगभरच्या नेमबाजांनी आपापल्या वाटेनं शोधून काढली आहे. ज्या रिव्हॉल्वरची ख्याती प्रचंड ताकदीबद्दल आहे, त्या मॅग्नम रिव्हॉल्वरसाठी मुद्दाम कमी ताकदीची काडतुसं हातानं भरणारा एक मोठा वर्ग अमेरिकेत आणि युरोपात आहे. एवढं दणकट हत्यार घ्यायचं आणि त्यात हलकं काडतूस घालायचं, हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. पण त्यामागं पक्कं शास्त्र आहे. ते आपल्या लोकांनी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्या शास्त्राचा धागा थेट महाराष्ट्राच्या पदकांपर्यंत येतो.

मॅग्नम हा शब्द मुळात मोठ्या आकाराच्या मद्याच्या बाटलीचा. 1935 साली अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीनं .357 मॅग्नम बाजारात आणलं. त्याच्या आधी पोलिसांचं नेहमीचं काडतूस होतं .38 स्पेशल, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं. नावात .38 असलं तरी गोळीचा खरा व्यास .357 इंचच, म्हणजे दोन्हींची गोळी एकाच जाडीची. नव्या काडतुसाची पुंगळी मात्र तीन-साडेतीन मिलिमीटरनं लांब ठेवली. हेतू हा की जास्त दाबाचं काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्वरमध्ये बसूच नये. उलट बाजूनं वाट मोकळी राहिली: मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये जुनं .38 आरामात बसतं आणि उडतं. पुढं 1955 मध्ये .44 मॅग्नम आलं, तिथंही जुन्या .44 स्पेशलबाबत हाच कित्ता. म्हणजे मॅग्नम रिव्हॉल्वर जन्मापासूनच दोन आवाजांत बोलणारं हत्यार आहे.

या दोन आवाजांत अंतर किती? सुरुवातीच्या .357 ची सुमारे दहा ग्रॅमची गोळी लांब नळीतून सेकंदाला साधारण 450 मीटरनं सुटे. निशाणीसाठी भरलेली हलकी गोळी जवळपास त्याच वजनाची, पण वेग सेकंदाला 220 मीटरच्या आसपास. वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते; एक हजार ज्यूलच्या जागी अडीचशेच्याही आत. हाताला बसणारा धक्का संवेगाच्या हिशेबानं चालतो, तोही निम्म्याखाली येतो. रिव्हॉल्वरचं वजन मात्र तेच राहतं, सव्वा किलोच्या आसपास. जड हत्यार आणि हलका धक्का हे निशाणीच्या खेळाला हवं असलेलं लग्न आहे.

कागदाच्या लक्ष्याला ताकद लागत नाही. पंचवीस मीटरवर कागद असतो, तो फाटायला शंभर ज्यूलही पुष्कळ झाले. लागतं ते सातत्य, म्हणजे प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखी जाणं. म्हणून या काडतुसांची गोळीही वेगळी. ती टोकदार नसते. तिचं तोंड सपाट, कडेला धारदार. तिला वॉडकटर म्हणतात. टोकदार गोळी कागद फाडते, कडा उसवतात, छिद्र रेषेला लागलं की नाही यावर पंचांत वाद होतो. वॉडकटर मात्र कंडक्टरच्या पंचनं तिकिटाला पाडावं तसं गोल, स्वच्छ भोक पाडते. एका गुणानं पदक जातं-येतं अशा खेळात हे फार मोठं.

आणि दचकणं. नेमबाजीत हात हलण्यापेक्षा वाईट रोग हा आहे. मेंदू शहाणा असतो. स्फोट होणार हे त्याला ठाऊक असतं, आणि तो क्षणाआधी मनगट आवळतो, खांदा पुढं ढकलतो, पापणी मिटतो. गोळी खाली, डावीकडे जाते. नेमबाजाला ते कळतही नाही, कारण बाराच्या धक्क्यात त्याची चूक झाकली जाते. ती उघडी पाडायची जुनी युक्ती अशी: शिकवणाऱ्यानं काडतुसांमध्ये गुपचूप एखादी रिकामी पुंगळी घालायची. घोडा पडतो, बार होत नाही, आणि हात मात्र खाली झेपावतो. शिकणाऱ्याला त्या एका क्षणात जे उमगतं ते तासभर सांगून उमगत नाही. या रोगावर औषध एकच, हलक्या काडतुसांचा दीर्घ सराव, महिनोन्महिने. आमच्या आज्याच्या बापाचं अर्धं माप ते हेच.

हॉलिवूडलाही हे ठाऊक होतं. 1973 च्या 'मॅग्नम फोर्स' या चित्रपटात क्लिंट ईस्टवुडचा तो प्रसिद्ध पोलीस अधिकारी आपल्या .44 मध्ये भरपूर ताकदीचं काडतूस वापरत नाही, हलकं वापरतो, आणि कारण देतो ते ताब्याचं आणि कमी धक्क्याचं. पडद्यावर हत्याराचा दरारा पाहून आलेल्या प्रेक्षकांच्या हे वाक्य लक्षात राहिलं नाही. ते राहायला हवं होतं.

आता हातानं भरण्याकडे येतो. एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी शाबूत राहते. फक्त पेंदातली टोपी खर्ची पडते. ती जुनी टोपी काढायची, फुगलेली पुंगळी साच्यातून दाबून मूळ मापाला आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, गोळी दाबून बसवायची आणि पुंगळीचं तोंड आवळायचं. ऐकायला सोपं, पण सगळं कसब तोलण्यात आहे. दारू ग्रेनमध्ये मोजतात. आपल्या सोनाराची एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. हलक्या काडतुसाची दारू काही गुंजांतच संपते, आणि तिच्यात गुंजेच्या अंशाचा फरक पडला तरी गोळी कागदावर वेगळ्या जागी जाते. सोनाराच्या तराजूवर पंखा लावत नाहीत, तसंच इथंही.

सगळ्यात धोकादायक जागा म्हणजे पुंगळीतली पोकळी. आज्या गजानं ठासायचा ते उगाच नाही. जुनी काळी दारू आणि गोळी यांच्यात हवेची फट राहिली तर नळीला धोका असतो, म्हणून ठासून फट मारायची. 'ठासणीची' हे नावच त्या ठासण्यावरून आलं आहे. .38 आणि .44 स्पेशलच्या पुंगळ्याही काळ्या दारूच्या काळातल्या मापाच्या, पोटभर दारू मावेल अशा. पुढं आली बिनधुराची दारू, थोडक्यात मोठं काम करणारी. मॅग्नमची पुंगळी तर आणखी लांब. तिच्यात हलक्या काडतुसाची दारू घातली की ती तळाशी चिमूटभर पडून राहते, बाकी सगळी पोकळी, आणि इथं ठासताही येत नाही. रिव्हॉल्वर वर करून खाली आणलं की दारू टोपीजवळ सरकते. खाली झुकवून वर आणलं की गोळीकडे जाते. त्यानुसार ती पेटण्याची रीत बदलते आणि वेगही बदलतो. म्हणून जाणती माणसं मॅग्नमच्या लांब पुंगळीपेक्षा .38 ची आखूड पुंगळीच पसंत करतात आणि त्यासाठी सावकाश नव्हे, चटकन पेटणारी दारू निवडतात.

पोकळीचा दुसरा धोका याहून भयंकर. पुंगळीत दारू एवढी थोडी दिसते की चुकून दोनदा पडली तरी ओसंडत नाही. डोळ्यांना फरक कळत नाही. त्याची शिक्षा म्हणजे फुटलेलं हत्यार आणि गेलेली बोटं. आणि मापाहून फारच कमी पडली तर होतो तो फुसका बार. आपण हा शब्द राजकारण्यांच्या भाषणांसाठी वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ जीवघेणा आहे. आवाज 'धप्प' येतो, गोळी नळीतच अडकते, आणि सरावाच्या ओघात मागून दुसरी गोळी सुटली तर नळी फुटते. आवाज वेगळा आला की थांब, रिकामं कर, नळी तपास, हा नेमबाजीच्या मैदानाचा नियम त्यासाठीच. 

हलक्या काडतुसाचं एक शास्त्रीय वैशिष्ट्य मला फार आवडतं. मंद गोळी नळीत जास्त वेळ राहते. चाप ओढल्यावर गोळी बाहेर पडेपर्यंतचा तो क्षणार्ध लांबतो, आणि तेवढ्या वेळात हात हलला तर नळीचं तोंडही हलतं. म्हणजे हलकं काडतूस हाताला माफ करतं, पण चाप ओढल्यानंतरचा निष्काळजीपणा माफ करत नाही. चाप ओढून झाल्यावरही नळीच्या टोकावरच्या मक्खीवर नजर तशीच धरून ठेवावी लागते. या काडतुसांवर वाढलेला नेमबाज शिस्तीचा होतो तो त्यामुळं.

हे खरं की एकाच बाजूचा अतिरेक इथंही झाला. अमेरिकेतले पोलीस वर्षानुवर्षं सरावाला हलकी .38 वॉडकटर आणि गस्तीला पूर्ण ताकदीची मॅग्नम वापरत. 6 एप्रिल 1970 रोजी कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉल इथं महामार्ग पोलिसांचे चार अधिकारी एकाच चकमकीत मारले गेले, आणि त्यानंतर सराव कशानं करायचा हा प्रश्न तिथल्या पोलीस दलांनी नव्यानं हाती घेतला. जे प्रत्यक्षात वापरायचं त्याचाही सराव हवा, हा धडा रास्त आहे. पण तो पोलिसांसाठी. खेळाडूसाठी नाही.

भारतात घरी काडतूस भरता येतं का, असं मला हिंगोलीत दोघा-तिघांनी विचारलं. उत्तर स्पष्ट देतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचं पाचवं कलम परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा तयार करायला मनाई करतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. हातात शस्त्राचा परवाना असणं म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना असणं नव्हे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यालाही त्याच दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंतचा दंड ठेवला आहे. हे वाचून कुणी घरात प्रयोग करू नये.

मग आपल्याकडं हलकं काडतूस आहे कुठं? इथं मला खरा आनंद होतो, कारण ते आपल्या अगदी जवळ आहे. पुण्याजवळ खडकीला 1869 साली दारूगोळा कारखाना सुरू झाला. आज तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून आयुध निर्माणी मंडळाच्या जागी ज्या सात कंपन्या आल्या त्यांपैकी ही एक, आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच. भारतात परवानाधारकाच्या रिव्हॉल्वरमध्ये बहुधा जे .32 काडतूस असतं, त्याच्या पेंदावर 'केएफ' अशी खडकीची अक्षरं कोरलेली दिसतात. हे .32 स्मिथ अँड वेसन लाँग काडतूस 1896 च्या सुमाराचं, मवाळ धक्क्याचं. 2014 मध्ये कानपूरच्या कारखान्यानं महिलांसाठी म्हणून आणलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्वर याच मापाचं. लोक या काडतुसाला कमजोर म्हणून नावं ठेवतात. पण जगातले उत्तमोत्तम सेंटर फायर पिस्तूल नेमबाज गेली कित्येक दशकं हेच काडतूस, वॉडकटर गोळीचं, पसंत करत आले आहेत.

25 मीटर सेंटर फायर पिस्तूल हा त्या खेळाचा प्रकार. साठ गोळ्या. पहिल्या तीस सावकाश, पाच मिनिटांत पाच; दहा गुणांचं वर्तुळ अवघं पन्नास मिलिमीटरचं. पुढच्या तीस झटपट: लक्ष्य तीन सेकंद तोंड दाखवतं, सात सेकंद लपतं, त्या तीन सेकंदांत हात उचलून एकच गोळी. या प्रकारात गोळीचा व्यास 7.62 ते 9.65 मिलिमीटरपर्यंत चालतो, पण आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम मॅग्नम काडतुसाला स्पष्ट मनाई करतो. ताकद हा इथं गुण नाही, अपात्रता आहे.

आणि याच प्रकारात मुंबईच्या अशोक पंडित यांनी 1990 च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. त्या वर्षी भारताला तेरा सुवर्णपदकं मिळाली. बारा भारोत्तोलनातली, म्हणजे निव्वळ ताकदीची. तेरावं पंडित यांचं. चार वर्षांनी व्हिक्टोरियात त्यांनी जसपाल राणा यांच्यासोबत याच प्रकारात जोडीचं सुवर्ण घेतलं. राणा यांनी 2006 मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत साठ गोळ्यांत 590 गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली, तेही अंगात ताप असताना. पंडित यांचा मुलगा रोनक यानंही 2006 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पिस्तुलात जोडीचं सुवर्ण मिळवलं. ऑकलंडच्या त्या पदकाची आठवण आज महाराष्ट्रात किती जणांना आहे? नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं येतात, आणि यायलाच हवीत. राहीनं 2018 मध्ये आशियाई सुवर्ण मिळवलं तेव्हा ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. पण त्या परंपरेच्या आधीच्या पानावर पंडित यांचं नाव ठळक लिहिलेलं असायला हवं.

अजून मागं जा. भारताच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना 1951 ची, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. आमदार-खासदारांना शांत बसवणाऱ्या या मराठी माणसानं नेमबाजीची संघटनाही उभी केली. राष्ट्रीय स्पर्धेआधीची पात्रता स्पर्धा अनेक वर्षं त्यांच्याच नावानं भरत आली. जिल्ह्यातल्या पोराला राष्ट्रीय मैदानापर्यंत जायचं तर मावळंकरांच्या नावाच्या दारातून जावं लागे.

हिंगोलीला बंदूक नवी नाही. कयाधूकाठच्या या गावात निजामाच्या काळात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. 1903 मध्ये ती फौज भारतीय सैन्यात विलीन झाली. आज इथं राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे. गोळीबाराच्या सरावाचा आवाज या गावाच्या कानाला सवयीचा आहे. निवडणूक लागली की परवानाधारक आपापल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला रांगेत उभे राहतात, तेही दर वेळचं दृश्य. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. सोयाबीन, कापूस, वसमतची हळद. इथली पोरं भरतीसाठी पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावतात. त्यांच्या छातीत दम आहे, पायांत ताकद आहे. नेम मात्र ती भरती झाल्यावरच पहिल्यांदा धरतात, आणि तोही पूर्ण ताकदीच्या रायफलवर, पहिल्याच दिवशी खांदा सुजवून घेऊन.

आज्याच्या बापाचं अर्धं माप इथं आणायला हवं. त्याला काडतूसही लागत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि वीस ज्यूलच्या आतली एअर रायफल किंवा एअर पिस्तूल परवान्याशिवाय घेता येते. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, अंतर दहा मीटर, आणि एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांची जागा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. त्याला शाळेचं एक लांब सभागृह पुरतं, मागं पक्की भिंत, आणि नियम पाळून घेणारा एक प्रशिक्षक. शिबिराला पुण्याच्या बालेवाडीला जायचं तर हिंगोली डेक्कन स्थानकापासून रात्रभराचा प्रवास आहे. पण पहिले दोन वर्षांचे धडे गावातच गिरवता येतात. जिल्हा क्रीडा कार्यालय, राखीव दलाचे अनुभवी शिक्षक आणि एखादी धाडसी शाळा एकत्र आली तर वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा कुठंही हे होऊ शकतं. मुलींसाठी तर नक्कीच करावं. हा खेळ उंची विचारत नाही, दंड विचारत नाही.

ज्यांना अजून शंका असेल त्यांनी 1 ऑगस्ट 2024 आठवावा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा स्वप्नील कुसाळे त्या दिवशी पॅरिसमध्ये 50 मीटर रायफलच्या अंतिम फेरीत उभा होता. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक आणल्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारा तो महाराष्ट्राचा पहिला खेळाडू ठरला, 72 वर्षांनी. त्याच्या रायफलमधलं काडतूस होतं .22 लाँग रायफल, गोळीचं वजन अडीच ग्रॅमच्या थोडं वर.